बंद स्टुडिओचा जुना फ्लॅश सेट: 38 हजारांचा सौदा साडेअठरावर कसा आला

प्रकरण असं आहे. भाच्याला इचलकरंजीत प्रॉडक्ट फोटोग्राफी सुरू करायची होती. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः हुपरीचे चांदीवाले, पैंजण, जोडवी, करदोटे, छल्ले, या लोकांना आता ऑनलाइन विकायला स्वच्छ फोटो लागतात आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोत चांदी काळपट दिसते, नाहीतर काढणाऱ्याचा शर्ट तिच्यात दिसतो. कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) होती, लाइट नव्हते. तेवढ्यात सांगलीतल्या एका बंद झालेल्या स्टुडिओचा अख्खा सेट विकायला निघाला, तीन फ्लॅश हेड (स्टँडवर बसवायचे मोठे फ्लॅश) आणि त्याबरोबर ढीगभर सामान, मागणी 38,000. भाच्याने मला फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, मामा उद्याच आणू का, दुसरा कोणीतरी घेऊन जाईल. म्हटलं दुसरा घेऊन गेला तर जाऊ दे, आधी बघू.

पहिला प्रश्न मी विचारला तो म्हणजे फ्लॅशच कशाला. कारण आजकाल ट्रायपॉडवर वस्तू ठेवून फोटो काढायचा असेल तर साधा एलईडी पुरतो, शटर अर्धा सेकंद ठेवलं तरी पैंजण काय पळून जाणार नाही. बरेच जण हेच करतात आणि त्यात काही चूक नाही. पण याची खोली आहे ती मागाच्या शेडला लागून, भिंतीपलीकडे पॉवरलूम दिवसभर धडधडतात, टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात वलयं उठतात इतकी जमीन हलते. तिथे अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर मॅक्रोमध्ये दिलं तर पैंजणाच्या घुंगराची कड दुहेरी येते. त्याने ते करून बघितलं होतं. फ्लॅशचा उजेड एक हजारांश सेकंदाच्या आसपास येऊन जातो, तेवढ्यात जमीन कितीही हलू दे, फोटो गोठतो. शिवाय पायात पैंजण घातलेले फोटोपण लागतात, तिथे माणूस हलतोच. म्हणजे फ्लॅश हवा हे पक्कं.

किती ताकदीचा हवा हे पण आधीच काढलं, कारण सेकंडहँड घेताना माणूस समोर जे आहे त्यालाच आपली गरज समजायला लागतो. जोडवी जवळून घ्यायची म्हणजे जवळपास 1:1 (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराची), तिथे मॅक्रो लेन्स स्वतःच दोन स्टॉप उजेड खाते, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. डेप्थसाठी, म्हणजे वस्तू पुढून मागपर्यंत स्पष्ट यावी म्हणून, f/16 इतकं लेन्सचं छिद्र बारीक पाहिजे. आणि चांदी म्हणजे आरसा, तिच्यावर उघडा लाइट मारता येत नाही, मध्ये ट्रेसिंग पेपर नाहीतर डिफ्यूजर ताणून बसवावा लागतो, तो अजून एक-दीड स्टॉप खातो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 ठेवून हे सगळं बसवायचं तर मेन लाइट 400-500 जूलचा हवा, दुसरा त्याच्या निम्म्याने चालेल. इथे एक सांगतो, विकणारे सर्रास "500 वॅटचा लाइट" म्हणतात, ते वॅट नसतात, वॅट-सेकंद म्हणजे जूल असतात, आणि कधीकधी तर मॉडेलिंग लॅम्पचे (हेडमधला सतत जळणारा साधा दिवा) 150 वॅट पकडून "150चा लाइट" असंही सांगतात. हेडच्या मागच्या पट्टीवर लिहिलेलं वाचल्याशिवाय कोणाचं ऐकू नका.

मधल्या मध्ये आणखी एक ऑफर आली होती ती दोन मिनिटांत कटवली. अमेरिकेत असणाऱ्या मित्राच्या मित्राकडे एलियनबीजची दोन हेडं पडून होती, जवळजवळ फुकट. पण ती 120 व्होल्टवरच चालणारी, आपल्याकडे 230. ट्रान्सफॉर्मर लावून चालतील हो, पण फ्लॅश चार्ज होताना एकदम करंट ओढतो त्याला पुरेल असा जड ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तो सांभाळायचा, एक दिवस कोणीतरी चुकून थेट भिंतीत पिन घालणार. नको.

आता सांगलीचा सेट. तिन्ही हेड एकाच जुन्या इंपोर्टेड कंपनीची, दोन 500 जूलची आणि एक 250चं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे जे दोष निघाले ते वयाचे आहेत. महत्त्वाचं हे की पुढचं माउंट, म्हणजे सॉफ्टबॉक्स वगैरे अडकवायची कडी, बोवेन्स कंपनीच्या पद्धतीचं होतं. सोबत उजेड मऊ करणारे सॉफ्टबॉक्स, एक ऑक्टा (आठकोनी), एक चौकोनी आणि एक स्ट्रिप (लांबट), मग उजेडाला आकार देणारी ब्यूटी डिश, स्नूट, हनीकोंब ग्रिड, तीन स्टँड, एक बूम स्टँड (आडव्या दांड्याचा) आणि एका जुन्या कव्हरमध्ये सेकोनिकचं फ्लॅश मीटर, म्हणजे फ्लॅशचा उजेड मोजायचं यंत्र.

स्टुडिओवाले काका फोनवर छान बोलले, म्हणाले या की, चालू करून दाखवतो, बघा कसा फटका मारतोय. मी म्हटलं काका एक विनंती, किती वर्षं बंद आहेत? चार-पाच वर्षं झाली असतील, म्हणाले. मग म्हटलं आम्ही येईपर्यंत प्लग लावू नका. कारण सांगतो. फ्लॅशच्या पोटात मोठे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात, आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो थर वीज मिळत राहिली तरच नीट राहतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की तो विरतो, मग एकदम फुल पॉवरला चार्ज केलं तर लीकेज वाढतं, कपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतो. म्हणून बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं असतं की बराच काळ बंद असलेलं हेड सगळ्यात कमी पॉवरवर लावून तास-दोन तास नुसतं चालू ठेवा, फ्लॅश मारू नका, मग हळूहळू पॉवर चढवत न्या. विकणारा तुमच्यासमोर पहिल्याच झटक्यात फुल पॉवर मारून दाखवतो तेव्हा तो चांगलं हेड दाखवत नसतो, चांगलं असलेलं हेड कायमचं बिघडवायची शक्यता असते.

सांगलीला पोचलो. आणि इथे एक गोष्ट जी पुण्या-मुंबईत घेताना डोक्यात येणार नाही ती आम्हा इकडच्या लोकांच्या डोक्यात पहिली येते, पूर. ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या पुढे गेली होती, धोक्याची पातळी 45 फूट आहे, आणि 2021 च्या जुलैत परत पाणी आलं. स्टुडिओ तळमजल्यावर. काकांनी स्वतःहूनच सांगितलं, "पाणी आलतं की, पण लाइट सगळे वरच्या फळीवर ठेवलेले, त्यांना काय झालेलं नाही." माणूस खोटं बोलणारा वाटत नव्हता, पण इथे शब्दावर चालत नाही.

मी आधी स्टँड घेतला हातात. लाइट स्टँडचे पाय म्हणजे पोकळ नळ्या, सगळे सेक्शन उघडले, रबरी बूच काढलं आणि नळी उलटी करून फरशीवर आपटली. पिठासारखी मऊ करड्या रंगाची माती पडली, चमचाभर. नदीचा गाळ. दुसऱ्यातून पण पडली. बूम स्टँडमधून नाही, तो वर टांगलेला असणार. मग हेड बघितली. दोन्ही 500ची स्वच्छ, पंख्याच्या जाळीत साधी धूळ, केसं, कोळ्याचं जाळं, म्हणजे फळीवरचीच. पण 250चं जे होतं त्याच्या पंख्याच्या जाळीत कोपऱ्यात तोच करडा थर, स्क्रूच्या खाचेत गंज, आणि वायरच्या सॉकेटमधल्या पितळी पिना हिरवट. टॉर्च लावून व्हेंटमधून आत बघितलं तर आतल्या पत्र्यावर पाण्याची रेघ स्पष्ट. काकांना दाखवलं. त्यांना आठवलं, हे एक कपाटात खाली होतं बहुतेक, पोराने ठेवलेलं. त्यांची चूक काढली नाही, पण ते हेड लावायचंच नाही असं सांगितलं. पुराचं पाणी गेलेलं हेड कोरडं झालं तरी आत क्षार आणि गाळ राहतो, आणि तीनशे-साडेतीनशे व्होल्ट जिथे साठतात तिथे तो गाळ म्हणजे वीज वाहायला रस्ता. फुकट दिलं तरी घेऊ नये, आणि घरी नेऊन उघडून साफ करू म्हणणाऱ्यांनी तर नाहीच. प्लग काढलेला असला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. हृदयाला शॉक द्यायचं डिफिब्रिलेटर असतं ना दवाखान्यात, ते साधारण 150 ते 360 जूल देतं, आणि हे 250-500 जूलचं आहे, एवढ्यात समजून घ्या.

मग दोन्ही 500ची हेडं वेगवेगळ्या पॉइंटला लावली, मिनिमम पॉवर, मॉडेलिंग लॅम्प बंद, आणि बसलो. काकूंनी पोहे केले. या वेळात भाच्याची चुळबूळ चाललेली, मामा नुसतं बघत काय बसलोय, एकदा मारून बघू की. पण त्या वेळात दोन कामं झाली. एक, कानाने ऐकणं. चांगलं हेड चार्ज झालं की बारीक शिट्टी वर चढते आणि थांबते. एका हेडची थांबली, दुसऱ्याची थोड्या थोड्या वेळाने परत चालू व्हायची, म्हणजे चार्ज टिकत नव्हता, गळत होता आणि ते परत भरत होतं. तासाभराने ते कमी झालं पण गेलं नाही. आणि दुसरं काम म्हणजे मल्टीमीटरने सिंक सॉकेटवरचा (कॅमेऱ्याची वायर जोडायची जागा) व्होल्टेज बघितला. जुन्या काही फ्लॅशमध्ये हा शंभरच्या वर असतो आणि वायर थेट कॅमेऱ्याला जोडली तर बॉडीचं सर्किट जाऊ शकतं. इथे तो बारा-तेरा होता, ठीक. तरी वायर जोडायचीच नाही हे ठरलेलं, रेडिओ ट्रिगर (वायरशिवाय फ्लॅश उडवणारा) स्वस्तात मिळतो, कॅमेरा स्वस्तात मिळत नाही.

ट्यूब बघायची ती हेड थंड आणि बंद असताना. पहिल्या हेडची, त्याला अ म्हणू, ट्यूब काचेसारखी स्वच्छ, टोकांना हलकी करडी छटा. दुसरीची, ब, दोन्ही टोकांना काळी, दिव्याच्या काचेवर काजळी धरते तशी, आणि वरचं काचेचं झाकण चहासारखं पिवळसर. ट्यूब काळी होणं म्हणजे इलेक्ट्रोडचं मेटल उडून काचेवर बसणं, म्हणजे भरपूर काम झालंय. काका म्हणाले तेच मेन लाइट होतं, पासपोर्टपासून लग्नापर्यंत सगळं त्याच्यावर.

आता खरी परीक्षा. सेकोनिकच्या मीटरमध्ये एक पेन्सिल सेल घातला आणि ते चालू झालं, नवीन असल्यासारखं. साधा रिफ्लेक्टर, अर्धी पॉवर, दोन मीटरवर मीटर, आयएसओ 100. पद्धत अशी की रेडीचा बीप आल्यावर आणखी दोन सेकंद थांबायचं आणि मगच मारायचं, असे वीस फ्लॅश, आणि प्रत्येकाचं रीडिंग कागदावर लिहायचं. बीपच्या आधी मारलं तर कुठलंही हेड कमी उजेड देणार, तो दोष धरायचा नाही. मीटरवर f चा आकडा मोठा तितका उजेड जास्त, f/11, f/16, f/22 हे एकेका स्टॉपचे टप्पे. अ चं रीडिंग f/22 आणि वर एक दशांश, कधी दोन दशांश, शेवटपर्यंत तसंच. ब चं f/16 वर तीन-चार दशांश, म्हणजे त्याच सेटिंगला जवळजवळ पाऊण स्टॉप कमी, तेही चालून गेलं असतं, पॉवर थोडी चढवली की झालं. पण मध्येच एक f/11 आला. परत f/16. मग परत एक f/11. हे चालत नाही. उजेड कमी असणं हा दोष नाही, उजेड दर वेळी वेगळा असणं हा दोष. पन्नास पैंजणांचे फोटो एका एक्स्पोजरवर काढायचे आणि त्यातले सात अंधारे निघणार, कुठले सात ते आधी कळणार नाही.

मीटर नसेल तर काय, असं कोणी विचारेल. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवायचा, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), व्हाइट बॅलन्स (रंगाचं सेटिंग) फिक्स, पांढऱ्या भिंतीचे वीस फोटो काढायचे आणि लॅपटॉपवर सगळे शेजारी शेजारी ठेवून हिस्टोग्राम बघायचा. स्टॉपचा दहावा भागसुद्धा दिसतो. उलट रंगासाठी हेच लागतं, मीटर रंग सांगत नाही. आम्ही तेही केलं, एक पांढरा कार्ड, आधी एकट्या अ ने, मग एकट्या ब ने. फिक्स व्हाइट बॅलन्सवर ब चा फोटो उघड पिवळा, सॉफ्टवेअरमधल्या ड्रॉपरने बघितलं तर साधारण 400 केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप) फरक. माणसाच्या चेहऱ्यावर हा फरक खपतो, कोणी म्हणेल छान वॉर्म आलंय. चांदीवर खपत नाही. पैंजणाच्या डाव्या कडेला अ चं प्रतिबिंब आणि उजव्या कडेला ब चं, की डावीकडे चांदी आणि उजवीकडे सोन्याचा मुलामा दिल्यासारखी. चांदीवाला माणूस हे दुकानाच्या दारातून ओळखतो.

भाचा म्हणाला ट्यूबच खराब आहे ना, मग ट्यूब बदलू, पाचेक हजारांत होईल. बरोबर विचारलं त्याने. दोन्ही हेडं एकाच मॉडेलची आणि ट्यूब सॉकेटमध्ये बसणारी, मॅन्युअलप्रमाणे वापरणाऱ्याने बदलायची असते. तर दोन्ही बंद केली, वायर काढून ठेवल्या, चहाला बाहेर गेलो, भरपूर वेळ घालवला आणि आल्यावर स्वच्छ फडक्याने धरून अ ची ट्यूब आणि झाकण ब ला लावलं. ट्यूबला उघडं बोट लावायचं नाही, घामाचा डाग तापून तिथे काच तडकते. परत मीटर. उजेड सुधारला, f/16 च्या जागी f/22 च्या जरा खाली, रंगही बराच जवळ आला. पण दहा-बारा फ्लॅशनंतर परत एक घसरला. म्हणजे ट्यूब थकलेली होतीच, पण तिच्यामागे कपॅसिटर नाहीतर चार्जिंगचं सर्किटपण. हिशोबाने सांगायचं तर साठवलेली एनर्जी व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे असते, व्होल्टेज नुसतं 10 टक्के पडलं तर एनर्जी 19 टक्के पडते, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा स्टॉप. इथे एक सबंध स्टॉप पडत होता. ट्यूब आणून घालणं म्हणजे गळक्या टाकीला नवीन नळ बसवणं. ब पण बाद.

म्हणजे तीनातलं एक हेड उरलं. एवढ्यावर उठून आलो असतो तर चुकलं असतं, कारण माझ्या मते या सेटचा खरा माल हेड नव्हतेच.

बोवेन्स ही लंडनची कंपनी, 1923 ची, आणि 2017 मध्ये ती बंद झाली. पण तिचं तीन खाचांचं एस माउंट बंद झालं नाही. गोडॉक्स आणि बहुतेक सगळ्या चिनी कंपन्या आज तेच माउंट लावतात, एलईडी लाइटसुद्धा त्याच माउंटचे येतात. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीची चांगल्या पत्र्याची ब्यूटी डिश आजच्या नव्या हेडवर खटकन बसते. एलिनक्रोम, प्रोफोटोचं माउंट वेगळं, लाइट उत्तम पण सामान त्यांचंच घ्यावं लागतं नाहीतर ॲडॉप्टर शोधत फिरा. त्यामुळे जुना सेट बघताना मी हल्ली आधी माउंट बघतो आणि मग हेड. हेडचं आयुष्य मोजून मापून असतं, ट्यूब आणि कपॅसिटर दोन्ही खर्च होणाऱ्या वस्तू. डिश, स्नूट, ग्रिड, बूम स्टँड यांना काय होणार आहे? लोक उलटं करतात, हेडला किंमत लावतात आणि सामान "फ्री मिळालं" म्हणतात.

तर मग सामान एकेक करून बघितलं. ऑक्टाच्या काड्या सरळ, कापड ठीक. चौकोनी सॉफ्टबॉक्सचं पुढचं कापड पिवळं पडलेलं, शाबूत पण पिवळं, आणि पिवळ्या कापडातून चांगलं हेडपण पिवळंच दिसणार, म्हणून रंगाची टेस्ट नेहमी सॉफ्टबॉक्स काढून करायची हेही लक्षात ठेवा. स्ट्रिप चांगली. डिश आतून पांढरी, एक पोचा, चालतंय. ग्रिड सगळ्या. माउंटच्या कड्या प्रत्येक वस्तूला लावून फिरवून बघितल्या, एकीची खाच घासलेली होती पण धरत होती.

मीटरबद्दल काका म्हणाले ते डबडं राहू दे त्यातच. इथे मी भाच्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही आणि काकांना सांगितलं की याला वेगळे पैसे येतात, हे चालू आहे आणि नवीन घ्यायला गेलं तर बरेच पडतात. भाचा नंतर गाडीत थोडा फुगलेला. पण समोरच्याला माल माहीत नाही म्हणून तो खिशात घालणं हा सौदा नव्हे, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे बाकीच्या वस्तूंची घासाघीस सोपी झाली, काकांना कळलं की हे लोक पाडून मागायला आलेले नाहीत.

हिशोब समोर कागदावर मांडला, लपवालपवी नाही. अ हेड 6,000, ऑक्टा 2,000, चौकोनी 1,000, स्ट्रिप 1,200, डिश 1,500, स्नूट आणि ग्रिड मिळून 800, बूम स्टँड 1,500, गाळवाले तीन स्टँड मिळून 1,000, मीटर 4,000. एकूण 19,000. ब आणि 250चं नको. काका पहिल्यांदा नाराज झाले, "घ्या की सगळंच, एकेक काय निवडताय, भाजी आहे का." मी म्हटलं काका ब मध्ये हा f/11 का येतोय ते मला सांगा, मी लगेच घेतो. मग त्यांनीच मीटर हातात घेतलं, स्वतः फ्लॅश मारत बसले, तीसेक वर्षं धंदा केलेला माणूस, दोनदा घसरलेला आकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला आणि म्हणाले म्हणूनच शेवटी शेवटी लग्नाचे फोटो वर-खाली यायचे, मी कॅमेऱ्याला शिव्या द्यायचो. 18,500 ला ठरलं.

अ ला 6,000 जास्त की कमी, यावर वाद होऊ शकतो. माझा हिशोब असा की 400 जूलचं नवीन साधं गोडॉक्स हेड तेव्हा दुकानदाराने 15,000 च्या आसपास सांगितलं होतं, वॉरंटीसकट. जुन्या हेडला वॉरंटी शून्य, ट्यूब गेली तर ओरिजिनल मिळेल याची खात्री नाही, मिळाली तरी मागवावी लागणार. म्हणून नव्याच्या निम्म्याच्या वर मी जुनं हेड कधीच घेत नाही, आणि कंपनीचे पार्ट येणं बंद झालं असेल तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच थांबतो. 500 जूल आहे आणि रीडिंग पक्कं आहे म्हणून इथे थोडं वर गेलो. साध्या कागदावर पावती करून घेतली, हेडचा सिरीयल नंबर टाकून, सही घेऊन. बंद स्टुडिओच्या सामानाचं बिल कोणाकडे नसतं पण उद्या कोणी विचारलं हे कुठून आणलं तर हातात काहीतरी असावं.

उरलेल्या पैशात भाच्याने एक नवीन गोडॉक्सचं 400 जूलचं हेड घेतलं. दोन्हींचा मिळून खर्च 33,500, म्हणजे काकांच्या सुरुवातीच्या मागणीपेक्षा कमी आणि दोन खात्रीचे लाइट हातात. नव्या हेडमध्ये रेडिओ रिसीव्हर आतच असतो, कॅमेऱ्यावर ट्रिगर बसवला की ते उडतं, आणि जुनं अ हेड त्याच्या फोटोसेलवर, म्हणजे समोरचा फ्लॅश बघून स्वतः उडतं. छोट्या खोलीत हे मस्त चालतं, वेगळा रिसीव्हर लागलाच नाही. एकच पथ्य, कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश टीटीएलवर (म्हणजे उजेड आपोआप ठरवणाऱ्या मोडवर) ठेवून हे करायचं नाही, तो आधी एक प्रीफ्लॅश मारतो आणि जुनं हेड त्यालाच बघून उडून मोकळं होतं, खऱ्या फोटोच्या वेळी रिकामं. शटर 1/125 वर ठेवलंय.

रंग दोन्ही हेडचा थोडा वेगळा आहेच, नवीन जरा निळं. त्यावर सीटीओ जेलची (उजेड नारिंगी करणारी रंगीत पारदर्शक पट्टी) सगळ्यात हलकी, एक अष्टमांशवाली पट्टी लावली आणि चांदीवरच्या दोन्ही कडा जुळल्या. सॉफ्टबॉक्सच्या पिवळ्या कापडाचं मात्र मजेशीर झालं. इचलकरंजीत पांढऱ्या कापडाला काय तोटा, याने मित्राच्या गाळ्यावरून तीन-चार प्रकारचे तुकडे आणले, त्यातला डोळ्याला सगळ्यात शुभ्र दिसणारा लावला आणि फोटो निळे. शुभ्र दिसावं म्हणून कापडाला जे ब्राइटनर लावतात ते फ्लॅशमधल्या अल्ट्राव्हायोलेटवर निळसर चमकतं. शेवटी मागावरून उतरलेलं, ब्राइटनर न मारलेलं, साधं धुतलेलं कापड बसवलं, दिसायला मळकट, फोटोत एकदम न्यूट्रल.

एक गोष्ट भाच्याला पहिल्या आठवड्यात चकवून गेली आणि त्याने मला फोन केला की मामा अ पण बिघडलं. पॉवर कमी केल्यावर पहिला फोटो ओव्हर येतो, दुसऱ्यापासून बरोबर. बिघडलेलं नाही. बऱ्याच जुन्या हेडमध्ये पॉवरचा खटका खाली आणला तरी आधी भरलेला चार्ज आतच असतो, तो आपणहून उतरत नाही, एकदा टेस्टचं बटण दाबून फ्लॅश उडवून टाकायचा आणि मग काम सुरू करायचं. नव्यामध्ये हे आपोआप होतं.

लूमच्या भागात व्होल्टेज वर-खाली होतं त्याचा अ वर परिणाम दिसला नाही, मीटरवर मध्ये मध्ये तपासतो तो. फक्त दोन्ही हेड एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावायची नाहीत असं सांगून ठेवलंय, दोन्ही एकदम चार्ज व्हायला लागली की एकाच वायरीतून सगळा करंट ओढतात, आणि त्या बोर्डाला अर्थिंग आहे का हे दुकानदारही सांगत नाही. इन्व्हर्टरवरही लावायचं नाही, लाइट गेली की कॉफी प्यायची.

स्टँडच्या नळ्या त्याने पाण्याने धुतल्या, उन्हात वाळवल्या, स्क्रूला तेल दिलं, दोन ठीक झाले, तिसऱ्याचा लॉक घसरतो म्हणून त्याच्यावर लाइट न लावता नुसता रिफ्लेक्टर लावतो. महिन्या-दीड महिन्यातून काम नसलं तरी अ हेड तासभर चालू करून ठेवतो. ट्यूबचं त्याने विचारून ठेवलंय, त्या मॉडेलला बसणारी दुसऱ्या कंपनीची ट्यूब मिळते, ओरिजिनल नाही. मी म्हटलं घेऊन ठेव एक, आणि आल्या आल्या लावून वीस फ्लॅशचं रीडिंग घे, खोक्यात बंद ठेवून वर्षाने उघडलीस तर बदलून कोण देणार. ब हेड काकांकडे अजून आहे, परवा कोणीतरी 4,000 ला मागतोय म्हणून त्यांचाच फोन आलेला, त्याला f/11 चं सांगू का म्हणून विचारत होते. सांगा म्हटलं, आणि मॉडेलिंग लॅम्पपुरतं घेत असेल तर हजार-दीड हजारात देऊन टाका.